नजीरचे चिमटे

फोन वाजला तेव्हा मी उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात बसून नजीरवर चिडलेलो होतो. आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर रस्ट नावाच्या नव्या संगणकी भाषेत न्यायचं ठरलं होतं, ती भाषा आम्हा सगळ्यांनाच शिकायची होती, आणि चांगलं पुस्तक निवडून देतो म्हणालेला हा गडी तीन दिवस रजा टाकून घरी बसला होता. नंबर भाभींचा, म्हणजे नजीरच्या बायकोचा दिसला. मी उचलून म्हणालो, भाभी, त्याला म्हणावं पुस्तकाचं काय झालं. पलीकडे भाभींचा भाऊ होता. झटका आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढंच तो बोलला...

नजीर मुल्लाणी मूळचा कुरुंदवाडचा. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढं एकाच ऑफिसात चिकटलो. प्रोग्रामर म्हणून तो माझ्यापेक्षा फार वरचढ होता असं मी आजही म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं एका भाषेत मुरलेल्या माणसाला दुसरी भाषा शिकायला कोणतं पुस्तक द्यावं, हे त्याला जसं कळायचं तसं मला कधीच कळलं नाही. गावातले कितीतरी प्रोग्रामर त्यासाठी त्याच्या राजारामपुरीतल्या घरी यायचे. माझ्याकडं कुणी यायचं नाही. याचा मला त्रास व्हायचा, आणि तो गेला म्हणून तो त्रास गेला असंही नाही.

आमच्या धंद्यातली माणसं एक चूक हमखास करतात. नवी भाषा म्हटली की सगळ्यात जाडजूड पुस्तक आणतात, म्हणजे काही सुटायला नको. मग जे झोपेतही लिहितील तेच पहिल्या शंभर पानांत वाचून कंटाळतात, आणि पुस्तक कपाटात जातं. नजीर म्हणायचा, "पंचगंगेत पोहणाऱ्याला हौदात कशाला उतरवायचं? त्याची जुनी सवय कुठं नडणार, तेवढं सांगणारं पुस्तक पायजे." आलेल्या माणसाला तो त्याचाच एखादा जुना प्रोग्राम उघडायला लावायचा आणि तो कसा चालतो ते तासभर ऐकत बसायचा. मग पुस्तक निवडायचा आणि त्या माणसाला नको असलेल्या प्रकरणांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. ती पानं उघडायची नाहीत. प्रत्येकाचे चिमटे वेगळ्या जागी. भाभींची धुणी वाऱ्यावर उडायची आणि भाभी चिमट्यांच्या नावानं ओरडायच्या. अलीकडं लोक म्हणायला लागले, आता संगणकालाच विचारलं की तो सांगतो, पुस्तकं कशाला. त्यावर नजीर म्हणायचा, विचारलेलं तो सांगंल, पण काय विचारायचं ते कुठं म्हाईत असतंय?

मला दिलेल्या पुस्तकांना मात्र कधीच चिमटा नसायचा. पायथन भाषेचं दिलं, तसंच मोकळं. त्याच सुमारास आमच्या ऑफिसातल्या कागलच्या स्नेहलसाठी त्याने आठवडाभर डोकं खपवलं आणि तिच्या पुस्तकाला चार रंगांचे चिमटे लावून आणले. ती ते मिरवत टेबलावर ठेवायची. माझा नुसता जळफळाट झाला. शेवटी न राहवून त्याला विचारलं, मला एकही चिमटा नाही, म्हणजे मला काहीच येत नाही का?

तो हसला. "दिग्या, तुला चिमटा लावून उपयोग हाय का? तू काढून बघणारच की."

मीही हसलो. पण ते उत्तर माझ्या घशाखाली उतरलं नाही. दुसऱ्यांना त्याने तासन् तास दिले, आणि ज्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं त्याला नुसती चेष्टा.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घर भरलं होतं. जो तो नजीरने आपल्याला कोणतं पुस्तक दिलं ते सांगत होता. एकाने तर चिमट्यासकट आणलं होतं. मी भात कालवत ऐकत होतो आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मित्र माझा होता.

जेवणं झाल्यावर भाभींनी मला आतल्या खोलीत नेलं. त्याच्या टेबलावर रस्टचं एक पातळसं पुस्तक होतं, नवंकोरं, आणि त्याला दोन निळे चिमटे. भाभी म्हणाल्या, "रजेवर हुते तवा ह्येच घेऊन बसायचे. कुणाचं म्हाईत न्हाई. तुमचंच असणार की."

माझंच, असं म्हणून मी ते उचललं. घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरली होती. शेवटी एकदा नजीरने माझ्यासाठी पानं मिटली होती.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. पहिला चिमटा सुरुवातीच्या प्रकरणांना होता, तो कुणालाही लागू पडला असता. दुसरा मागं होता, एकाच वेळी अनेक कामं चालवण्याच्या प्रकरणाला. सकाळी सगळ्या गावांचं दूध एकदम नोंदवायला लागलं की माझा प्रोग्राम अडकतो आणि दर वेळी स्नेहल येऊन तो सोडवते. नजीरने हे कितीदा पाहिलं होतं. ते प्रकरण त्याने माझ्यासाठी मिटलं नसतं. ते तिला येतं.

पुस्तक स्नेहलचं आहे. माझं तो नंतर निवडणार असेल, की नेहमीसारखं मोकळंच देणार असेल, ते आता कोण सांगणार... दुसरा चिमटा मी काढला. ते प्रकरण वाचलं, कळलं नाही, परत वाचतोय. तू काढून बघणारच, असं तो म्हणाला होताच.

ऑफिसात तोंडावर सांगवलं नाही, पण हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी स्नेहल वाचते. स्नेहल, तुझं पुस्तक माझ्याकडं आहे, येऊन घेऊन जा. कोणती पानं मिटायची ते मी दाखवीन. चिमटे मात्र मागू नकोस.