बाबांच्या रिमोटचं प्लास्टिक

मध्यंतरी टीव्हीचा नवा रिमोट आणला आणि त्याच्या प्लास्टिकच्या वासाने दिंडोशीच्या आमच्या सोसायटीतला एक रविवार आठवला. भंगारवाला नेत नाही ते सगळं, म्हणजे थर्माकोल, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बिघडलेले रिमोट, आम्ही सात-आठ जण गेटपाशी गोळा करायचो आणि लोकांवर खेकसायचो, "प्लास्टिक वेगळं करून आणा हो!" त्या दिवशी रांगेत आई उभी होती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा बंद पडलेला रिमोट तिने पुढे केला, घेतल्या दिवशी त्यांनी चढवलेल्या प्लास्टिकसकट. मी सवयीने ते टर्रकन फाडून पोत्यात टाकलं. आतला रिमोट कोरा करकरीत! आई म्हणाली, "रिमोट घे रे, पण ते प्लास्टिक दे ना मला. आवाजाच्या बटणावर त्यांच्या अंगठ्याने भोक पडलंय." मी अख्खं पोतं ओतलं. तसेच भोकं पडलेले फाटके तुकडे ढीगभर निघाले, त्यातला बाबांचा कुठला, काही कळेना. "राहू दे," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. आता आईही नाही. नव्या रिमोटचं प्लास्टिक मी काढलेलं नाही. रोज आवाजाच्या बटणावर अंगठा दाबतो. भोक पडायला किती वर्षं लागली असतील, ते आता कळतंय.