शालिकरामभाऊंची लेव्हलची नळी

सकाळी साडेसातला मी पोळ्या लाटत होते आणि करिश्मा ओट्याला टेकून विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. "जोडलेल्या भांड्यांत द्रवाची पातळी सारखीच राहते, भांड्यांचा आकार कसाही असो." तिची चाचणी होती. पण अर्धा कान रस्त्याकडे. भोंगा लावलेला ऑटो गल्लीगल्लीतून सांगत फिरत होता, वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत, दुपारपर्यंत मोर्णा नदीकाठच्यांनी सावध राहावं.

"आई, सुट्टी देतील का?"

"आधी पाठ कर."

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. कडी नाही, उघड्या तळहाताच्या थापा.

शालिकरामभाऊ होते. अकोल्याच्या जुन्या शहरातले गवंडी. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. आमच्या गल्लीतली निम्मी जोती त्यांच्या हातची. काम सुरू करताना नळीत पाणी भरायचं, दोन्ही तोंडं शेजारी धरायची, पाणी एका रेषेत दिसलं तरच पुढं पाऊल, असा त्यांचा नेम. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "एवढी घाई आहे त तंबू ठोक ना, घर कायले बांधतं?" रेघ पूर्ण होईपर्यंत चहाच्या कपाला हात लावत नसत.

आज ते दारातूनच बोलू लागले.

"ताई, काल डोयाची पट्टी निघाली. सकायी नळी भरली अन् पायलं, त आत हवाच हवा. मन्यासारखे बुडबुडे. दोन वर्सं झाले, मले हे दिसलेच नाईत."

मला क्षणभर कळेना. मग माझी नजर अंगणातल्या भिंतीकडे गेली.

मागच्या पुरात मोर्णेचं पाणी आमच्या भिंतीवर जिथवर चढलं, तिथं लाल रेघ ओढलेली आहे. गेल्या वर्षी भाऊंनी आपल्या लेकीचं, रागिणीचं घर इथून तिसऱ्या दाराला बांधलं. जोत्याची उंची याच रेघेवरून नेली, नळीनं. रेघेच्या दोन बोटं वर. रागिणीची लेक अकरा दिवसांची आहे. बाळंतीण खाली, जमिनीवरच्या गादीवर. भोंगा ऐकून सगळे सामान आवरत होते, आणि ती हसून म्हणाली होती, "आमचं जोतं बाबांनी बांधलं आहे."

"त्या दिवशी दोन्ही तोंडं जुळवून पायली होती ना?" मी विचारलं.

"नाई जुळवली. आभाय भरून आलं होतं, माल कालवून तयार. अन् जुळवली असती तरी मले कुठं दिसत होतं?"

आम्ही अंगणात आलो. करिश्मा नळीचं एक टोक घेऊन रागिणीच्या ओट्यापाशी गेली. भाऊंनी या वेळी टिचक्या मारून, नळी वर-खाली करून, एकेक बुडबुडा बाहेर काढला. दोन्ही तोंडं आधी जुळवली. मग मी माझ्याकडचं पाणी लाल रेघेला टेकवलं.

"करिश्मा, तिकडं पाणी कुठं आलं?"

तिनं वाकून बोटं लावून पाहिली. मग, "आई, जोत्याच्या वर. दोन बोटं वर."

म्हणजे जोतं रेघेच्या दोन बोटं खाली होतं. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले.

करिश्मा पळत आली. "असं कसं? पुस्तकात तर पातळी सारखी असते."

"पाणी सलग असलं तर," मी म्हणाले. "मधे हवा अडकली की त्या बाजूचा खांब हलका होतो, म्हणून उंच उभा राहतो. आपण तोच रेघेला टेकवतो आणि पलीकडे पाणी खालीच राहतं."

हे मला कॉलेजपासून माहीत आहे. आणि गेल्या वर्षी या भिंतीशी नळीचं टोक धरून मीच उभी होते. बुडबुडे दिसले होते मला. चार बोटं भरतील एवढे. वाटलं, पाण्यात थोडी हवा, काय बिघडतंय! गवंड्याला आपण काय शिकवायचं!

"भाऊ, मला दिसले होते," मी म्हणाले. "बोलले नाही."

त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. नदीच्या बाजूनं घरघर येत होती, मघापेक्षा जवळून. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं पाणी उलटं वर येत होतं, गढूळ, शांत.

"ते जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "आत्ताच सांगून आलो तिले, चाल बाई माडीवर. ऐकत नाई. म्हणते, बाबा, तुमी भेले, तुमचं जोतं नाई भेत. हासून राहिली."

"मी येते. बाळाला आमच्या माडीवर आणू."

"येसानच. पन एक करा." त्यांनी नळीतलं पाणी अंगणात ओतलं आणि वेटोळं घालता घालता म्हणाले, "तिच्यासमोर म्हना, तुह्या बापाचं माप चुकलं. माह्या तोंडून तिले खरं वाटत नाई. तुमी म्हना."