पेरांवर मोजलेले दिवस

"अमावस्या चंद्राची असती गं, तुझी तारीख सांग!" असं म्हणत आमच्या सिस्टर बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागायच्या. बायका "अमावस्येच्या अल्याड बाहेर बसले होते" असं मोघम सांगायच्या. सिस्टरना मोघम चालत नसे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवायचे, सिस्टर उपकेंद्रावर नर्स होत्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. सासूसमोर सून तोंड उघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या टँकरच्या रांगेत येऊन उभ्या राहायच्या. माणसाला कुठं गाठावं हे कळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

"पाळी यायच्या चौदाएक दिवस आधी बीज सुटतं," त्या रांगेत सांगत. "जेमतेम एक दिवस जगतं. तो दिवस अन् त्याच्या आधीचे चार-पाच, गर्भ ऱ्हायचा तो तवाच. अंड्याच्या पांढऱ्यावानी तार धरणारं पाणी जातं अंगावरून, ती खूण."

गावाची समजूत वेगळीच होती. पाचव्या दिवशी न्हालं की त्यापुढचा आठवडा नवऱ्यापासून जपायचा, मग काळजी नाही. सहा लेकरांच्या एका बाईनं हंडा खाली ठेवला. "अगं माय! मंग मी इतकी सालं उलटंच करत आले की!"

रांग खिदळली. सिस्टर हसल्या नाहीत. "हसू नका. कुणी सांगितलंच न्हाई, तर तिला कळावं कसं?"

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासूबाई मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी निलंग्याकडची एक मुलगी बघून आल्या होत्या. मी सिस्टरकडे गेले. त्यांनी मला थर्मामीटर दिलं. "सकाळी उठायच्या आधी तोंडात धरा, बाई. बीज सुटलं की अर्धा डिग्री चढतं अन् पाळीपर्यंत तसंच ऱ्हातं." मी शाळेतल्या आलेखाच्या कागदावर रोज एक ठिपका काढू लागले. सासूबाई विचारायच्या, "हिला रोज ताप येतोय का काय?"

सहा महिन्यांनी सिस्टरनी सहाही कागद टेबलावर मांडले. "दर महिन्याला बीज सुटायलंय. तुमच्यात खोट दिसत न्हाई, बाई. भाऊंना पाठवा."

माझे यजमान तहसीलला कारकून होते. ते गेले नाहीत. म्हणून रविवारी सिस्टरच घरी आल्या. सासूबाई दळणाला गेल्या होत्या.

"भाऊ, आणीबाणीत तुमी कुठं होता?"

"बिलोलीकडं. रोजंदारीवर."

"नसबंदी झाली का?"

"झाली," यजमान म्हणाले. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लग्न झालं नव्हतं," ते म्हणाले. "साहेबांना आकडा भरायचा होता. नाव दे, कायम करतो म्हणाले. मागाहून जोडता येतं म्हणाले."

सासूबाईंनी रोज मला वांझ म्हटलेलं या माणसानं ऐकलं होतं. शेजारी बसून जेवला होता.

निदान सिस्टर तरी संतापतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"त्या साली मी बी नावं लिहिली," त्या म्हणाल्या. "लग्न झालंय का, लेकरं किती, इचारलं न्हाई. दोघं तर मिसरूड न फुटलेले होते. म्हणून इचारलं तुमाला, भाऊ. आता आईला तुमीच सांगा."

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप मांडीवर तसंच राहिलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् मी हिला वांझ म्हणत आले."

निलंग्याचं स्थळ पुन्हा कधी निघालं नाही. मोठ्या दवाखान्यात नस जोडायचं ऑपरेशन झालं, पण मूल झालं नाही. नवऱ्याशी धड बोलायला मला वर्ष लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरची बदली झाली. स्टँडवर आम्ही दोघंच गेलो होतो. यजमानांनी त्यांची पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरले. सिस्टर त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमचं नाव मी लिहिलं न्हवतं. पर ज्यांची लिहिली, त्यांची तोंडं आता आठवत न्हाईत. त्यांच्या जागी तुमीच माफ करा."

कंडक्टरनं घंटी दिली. सिस्टर चढल्या, गाडी फुफाटा उडवत वळणाआड गेली. हे मात्र तिथंच उभे राहिले, हाताला लागलेली धूळसुद्धा न झटकता.