खिडकीकडचं कपाट

कांताआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. इस्पितळात आया होती. काळाचौकीच्या चाळीत आमची एकच खोली, माणसं पाच, आणि खिडकीखालची हवेशीर जागा आत्याची. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय ती तिथेच पसरायची.

मी बी.ए.ला पाली घेतलं तेव्हा एका रविवारी तिने पदर खोचला, लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं आणि खोलीच्या मधोमध उभं केलं. "खिडकीकडे तू बस. आम्ही अलीकडे." स्वतःची पथारी तिने मोरीजवळ पसरली. वर कायदा केला, कपाटावर टकटक केल्याशिवाय कुणी पलीकडे जायचं नाही. तीसुद्धा चहा घेऊन टकटक करायची. "थांब, एवढा धडा होऊ दे," मी आतून सांगायची आणि ती थांबायची.

त्या कपाटाआड बसूनच मला 'कपाट' कळलं. पालीत 'कवाट' म्हणजे दार. संस्कृतातलं कपाटही दाराची फळीच. तोच शब्द झिजून आपलं कवाड झालं, आणि मूळचं कपाट मात्र दारं लावलेल्या फडताळाचं नाव होऊन बसलं. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं केलं? दारच लावून दिलं तुला."

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. आई-बाबा गेले. आत्या, माझा भाऊ अभय आणि मी, असे तिघंच उरलो. सामान चढवताना हमालाने विचारलं, कपाट कुठे ठेवू? तिघांनीही एकदम हॉलच्या मधोमध बोट दाखवलं. तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला.

खिडकीची खोली आत्याचीच, हे मी केव्हाच ठरवलं होतं. ती ऐकेना. "तुझी पुस्तकं कुठे जातील? मला हॉल बास." पण हट्ट मी तिच्याकडूनच शिकले आहे. तिच्या साड्यांसकट कपाट त्या खोलीत नेलं. कुरकुरत तीही मागोमाग गेली.

सकाळी चहा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलायला हात पुढे केला आणि थांबले. आज मी कॉलेजात पाली शिकवते ती या बाईने सोडलेल्या जागेवर बसून शिकले म्हणून, आणि तिच्यासाठी आजवर कुणी एकदाही टकटक केली नव्हती. मी केली.

फटीतून दिसत होतं. खिडकीशी पाय पसरून ती नुसती बसली होती, हातात काहीच नव्हतं.

"थांब गं," आत्या म्हणाली, "एवढा धडा होऊ दे."

मी चहा घेऊन बाहेर उभी राहिले.