मिशी काढली म्हणजे कोणीतरी गेलं

दिवाळीनंतर आमच्या गावात दंडार होते. त्या नाच-नाटकात बायकांची कामं आम्ही पुरुषच करतो. राधेचं काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यासाठी मी मिशी काढतो. लुगडं बायकोचं असतं आणि ते मला तीच नेसवते.

अकोल्याच्या कचेरीत पहिल्यांदा बिनमिशीचा गेलो तेव्हा सगळे हळहळले, कारण आमच्याकडे घरात कोणी गेलं की मिशी उतरवतात. मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "जरा चालून दाखवा ना." शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "पोरं तुहीच आहेत ना बे?" पुढे वर्षभर लोक कमरेवर हात ठेवूनच माझ्याशी बोलायचे.

म्हणून दुसऱ्या दिवाळीला सांगितलं आणि रजेच्या अर्जातही लिहिलं, काका वारले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. असे मी तीन वर्षांत तीन काका मारले. त्यातला एक दंडारीत माझ्याच मागे बसून ढोलकी वाजवतो. त्याला हे कळलं तेव्हा तो ढोलकी आवळत म्हणाला, "मले कावून मारलं बे? मी त कुठी लाजलो नाही."

त्याचं ते बोलणं मनाला लागलं, म्हणून मी यंदा रजेच्या अर्जात लिहिलं, "कारण: दंडारीत राधेचं काम." साहेबांनी अर्ज परत दिला. म्हणाले, "काहीतरी बरं कारण लिहा."

माझ्या तिन्ही काकांच्या मरणावर याच माणसाने न वाचता सही केली होती.