ताटात मासा नको

पहिला किस्सा घडला तेव्हा मी तिथे नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. त्या रविवारी मी अलिबागला होते आणि वर्ग सुलभाताईंनी एकटीने घेतला. बाकीचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मुलांच्या हाती रंग आणि भाजी एकदम दिली की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. रंगाच्या वाटीत साका बसावा तसे ते आपोआप साचतात, आणि घासूनही निघत नाहीत.

आमचं गाव बोर्ली पंचतन आणि दिघीच्या मधलं. तिथल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही दोघी मुलांचा ठसेकामाचा वर्ग घेतो. भाजी कापायची, कापलेल्या बाजूला रंग लावायचा, कागदावर दाबायची. सुलभाताई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. त्यामुळे भेंडीचा आडवा छेद हा माझ्या दृष्टीने चेष्टेचा विषय नाही.

तर त्या रविवारी सुलभाताईंनी प्रत्येकाला अर्धी भेंडी दिली आणि रंग आणायला त्या वळल्या. परत बघतात तर ओमच्या हातात भेंडी नाही!

"भेंडी कुठे रे?"

"खाल्ली."

संध्याकाळी त्याची आई दारात हजर. सुलभाताईंना वाटलं, आता भांडण होणार. ती म्हणाली, "बाई, घरी भेंडी केली की हा शेजारी जेवायला पळतो. तुम्ही कुठला रंग लावता, तेवढं सांगा!"

सुलभाताई शपथेवर सांगतात की रंग लावायच्या आधीच त्याने ती खाल्ली. ओम म्हणतो, "थोडी निळी होती." माझी या प्रकरणात साक्ष नाही.

*

वाचनालयाचे अध्यक्ष नाना. माणूस वाईट नाही. पण लोक काय म्हणतील हे लोकांच्या आधी म्हणून मोकळा होतो.

एकदा जिना चढून वर आले, बटाट्यांच्या फोडींवरून नजर फिरवली आणि गंभीर झाले. "मॅडम, हे बरं दिसत नाही. अन्न हे पूर्णब्रह्म. त्याला रंग फासायचा म्हणजे..."

मी त्यांना सांगितलं की बोर्लीच्या बाजारातून आम्ही किडकी, मऊ पडलेली, कुणी घेत नाही अशीच भाजी आणतो. मुद्दा बिनतोड होता. नानांवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

तेवढ्यात सुलभाताई फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "नाना, पूर्णातून कितीही काढलं तरी पूर्णच उरतं, हे दर एकादशीला तुम्हीच सांगता ना? मग दोन बटाट्यांनी काय कमी पडणार आहे?"

नाना जिना उतरले. माझी पदवी त्या दिवशी उपयोगी पडली नाही, हे मान्य करते; पण बटाटे वाचले!

*

मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका आईने वर्गाला एक पेटी भेट दिली. ऑनलाइन मागवलेले तयार फोमचे ठसे: पिझ्झा, डोनट, कपकेक. "भेंडी वगैरे ठीक आहे, पण मुलांना थोडं एक्स्पोजर हवं," असं त्या म्हणाल्या. मी तयार ठशांच्या विरुद्ध आहे. ज्यात कापण्यासारखं काही नाही, त्यात बघण्यासारखंही फारसं नसतं. परंतु भेट परत करणं असभ्य ठरलं असतं.

मुलांनी ठसे उमटवले आणि खाली नावं लिहिली. डोनटखाली 'मेदुवडा'. कपकेकखाली 'मोदक, नीट न वळलेला'. पिझ्झ्याच्या त्रिकोणी तुकड्याखाली हर्षदाने लिहिलं, 'कलिंगडाची फोड'.

मुंबईच्या बाई कासावीस झाल्या. "अगं बाळा, हा पिझ्झा आहे! हे गोल गोल आहेत ना, ते पेपरोनी!"

हर्षदाने ठसा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग काळजीने विचारलं, "म्हंजे या बिया थुंकायच्या न्हाईत?"

*

ही हर्षदा दिघीची, कोळ्यांची. चौथीत. वर्गात सगळ्यांत कमी बोलते आणि बोलली की पुढचा तास फुकट जातो.

वार्षिक प्रदर्शनासाठी आम्ही विषय दिला होता, 'आमच्या घरचं ताट'. ताटाची कड रंगात बुडवून कागदावर गोल उठवायचा, आणि त्या गोलात आपल्या घरी जे शिजतं ते छापायचं. भाताची शितं बोटांच्या टोकांनी, भाकरी वाटीच्या बुडाने, भाजी भाजीने. माझी सूचना एकच होती: जे घरी खाता तेच छापा, शोभेसाठी काही घालू नका.

पुढच्या रविवारी हर्षदा पिशवीतून पापलेट घेऊन आली. ताजं, हाताएवढं.

"मॅडम, आमच्या ताटात ह्येच असतंय."

मुलं गोळा झाली. पापलेट फडक्याने कोरडं केलं, त्यावर रंगाचा पातळ हात दिला. कागद धरायला दुसरं माणूस हवं होतं. सुलभाताईंच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. त्यांनी पदर नाकाला लावला आणि पुढे आल्या.

"बाई, तुम्ही?" ओम किंचाळलाच.

"मी खात नाही. दाबायला काय हरकत आहे?"

कागद उचलला तेव्हा खवला न् खवला, पर आणि शेपटीच्या रेघा लख्ख उमटल्या होत्या. इतका स्वच्छ ठसा आमच्या वर्गात आजवर कुठल्याही भाजीचा आलेला नाही. हे मी वनस्पतिशास्त्राची असून सांगते.

मात्र आम्ही ठसा बघत राहिलो आणि वाचनालयाच्या मांजराने पापलेट बघितलं! ते रंगात पाय देऊन, मासा तोंडात धरून खाली वाचनकक्षात गेलं. रंग खाण्याचाच होता, त्यामुळे मांजराला काही झालं नाही. टेबलावरच्या वर्तमानपत्रावर मात्र निळी पावलं उमटली, पहिल्या पानापासून थेट अग्रलेखापर्यंत. आमच्या वाचनालयात तिथवर पोहोचलेला तो पहिलाच वाचक!

*

वर्तमानपत्र नानांच्या हाती पडलं आणि मासा वरच्या हॉलपर्यंत पोहोचलाय हे उघड झालं.

"मॅडम, त्या हॉलमध्ये सत्यनारायण होतो. देणगीदार येतात. प्रदर्शनात मासा नको."

"विषय घरच्या ताटाचा आहे, नाना. निम्म्या मुलांच्या ताटात मासा आहे."

"असू दे की! घरी खावा. भिंतीवर कशाला?"

"मग सुलभाताईंच्या नातवाचं अळूचं फदफदं तरी भिंतीवर कशाला?"

नानांनी आवाज खाली आणला. त्यांनी आवाज खाली आणला की समजावं, ठरलेलं आहे. "एकही मासा छापलेला दिसला, तर पुढच्या रविवारपासून हॉलची चावी मिळणार नाही."

गावात दुसरा हॉल नाही. वर्ग म्हणजे तो हॉल, आणि हॉल म्हणजे ती चावी. मी मुलांपासून काही लपवत नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हटलं, "माझं मत असं आहे की लागतील तर सगळी ताटं लागतील. एकही वगळून प्रदर्शन होणार नाही. वर्ग गेला तरी चालेल."

"मॅडम, वर्ग कशाला घालवताय?" ओम रडवेला झाला.

हर्षदा कागदाकडे बघत होती. "नाना काय बोलले? छापायचा न्हाय, येवढंच ना?"

"एवढंच."

"मंग न्हाय छापत."

*

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे कागद भिंतीवर लावले, कुलूप घातलं, आणि चावी मी स्वतः नेऊन नानांच्या हातात दिली.

सकाळी नाना देणगीदारांना घेऊन वर आले. पहिल्या ताटासमोर थांबले, चष्मा पुसला. दुसऱ्यासमोर गेले, पुन्हा पुसला. मुलांनी कागदाचे मासे कापून ताटात ठेवले होते आणि भोवतीची सगळी जागा भेंडीने, कांद्याने, बटाट्याने ठासून भरली होती. मग कागदी मासे उचलून घेतले होते. प्रत्येक ताटात मधोमध एक कोरी पांढरी आकृती. ओमच्या ताटात बांगडा. कुणाच्या ताटात बोंबील. सुलभाताईंच्या नातवाच्या ताटात, अळूच्या शेजारी, चक्क हलवा मासा! घरी असलं काही शिजत नाही, त्यामुळे माझी सूचना त्याने धडधडीत मोडली होती. मी त्याला काही बोलले नाही.

"मॅडम," नाना दबक्या आवाजात म्हणाले, "हा मासा आहे."

मी तोंड उघडायच्या आत हर्षदा पुढे झाली. "न्हाय नाना. मासा जितं न्हाय, ती जागा हाय."

देणगीदारांपैकी एक गृहस्थ मोठ्याने हसले. नाना हसले नाहीत. ते पुढे सरकत राहिले, एकेक ताट बघत, आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या कागदापाशी थांबले. त्यांच्या मागोमाग मीही थांबले.

तो कागद आमचा नव्हता. आम्ही लावलेला नव्हता. गोल मोठ्या परातीचा होता. त्यात भाताची शितं होती, रुंद आणि दमदार, मुलाच्या बोटांची नव्हेत. आणि मधोमध पापलेट. कोरं नव्हे. छापलेलं, खवल्यांसकट, रंग अजून ओलसर.

नानांनी तो काढायला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी चावी न मागता मिळाली.

मी वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं. सुलभाताईंना दोनदा विचारलं. हर्षदाच्या वडिलांना दिघीला जाऊन विचारलं, ते म्हणाले, "आमच्याकडं परात न्हाय."

हॉलला दुसरी चावी नाही. नाना म्हणतात, त्या रात्री चावी त्यांच्या घरातून हललीच नाही.