नारळावरचा करार

आमच्या कंत्राटदाराच्या मोजायच्या टेपचा पहिला फूट तुटलेला होता, देवाला गाऱ्हाणं घालायचा आवाज मात्र खणखणीत. रत्नागिरीजवळ पालीच्या रस्त्याला वडिलांची जागा होती. तिथे चार ब्लॉकची इमारत बांधायची, तीन विकायचे आणि वरचा एक वहिनीला द्यायचा, असं ठरलं होतं. थोरला भाऊ गेल्यापासून ती लांज्यात भाड्याच्या खोलीत राहत होती आणि ती खोली मे महिन्यात सोडायची होती. या भरवशावरच तिने जागेच्या कागदांवर सही दिली.

भूमिपूजनाच्या दिवशी मी कंत्राटदाराकडे करारपत्राचा विषय काढला. तो दुखावल्यासारखा हसला.

"भाऊ, देवाच्या पुढ्यात नारळ ठेवलाय. आता कागद कशाला?"

मग त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या घराचा काम येळेवर तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. मुंबईत तीस वर्षं मी सरकारी फायली तपासल्या. सहीशिवाय कुणाला टाचणी दिली नाही. पण देवासमोर कागद मागायची मला लाज वाटली.

या माणसाला खोटं बोलायचासुद्धा आळस. एका सोमवारी त्याचा चिरेवाला वारला, पुढच्या सोमवारी तोच चिरेवाला लग्नाला गेला. विचारलं तर म्हणे, दुसरा. गवंडी तर असे की भिंत ओळंब्यात सरळ आली तर तेच चकित व्हायचे.

स्लॅब ओतला तो नेमका शिमग्याच्या तोंडावर. नव्या स्लॅबवर आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं, नाहीतर तो तडकतो. दुसऱ्याच दिवशी हा सगळी माणसं घेऊन गावी निघाला.

"पालखी घरी येनार भाऊ. पानी मारायला मानूस ठेवलाय."

पालखीपुढे कोकणात कोण काय बोलणार? ज्या देवाला शब्द दिला, त्याच्याच नावाने रजा! मी मान डोलावली आणि मुंबईची गाडी धरली. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ती मुद्दाम एसटीने जाऊन बघून आली होती.

"भावजी, वर पाण्याचा थेंब नाही. मी राहून मारू का पाणी?"

"तुम्ही कशाला? त्याने देवासमोर शब्द दिलाय."

मे अखेर वहिनी वरच्या ब्लॉकमध्ये राहायला आली आणि आषाढात तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर छत गळायला लागलं. स्लॅबला आडवी भेग गेली होती. कंत्राटदाराने ती बघितली, तंबाखू मळली आणि वर पत्र्याची शेड घालायचा सल्ला दिला. शेडसुद्धा तोच घालणार होता. मला त्याची किळस आली, तरी मी हो म्हटलं.

शेडच्या कामाला पुन्हा नारळ आला. तो हात जोडणार तेवढ्यात वहिनी वहीचा एक कागद आणि पेन घेऊन बाहेर आली. काम काय, कधीपर्यंत आणि गळलं तर जबाबदारी कुणाची, सगळं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

"आधी सही, मग नारळ," ती म्हणाली.

कंत्राटदाराने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, देवासमोर बरं दिसत नाही ते," मी म्हणालो.

तिने कागदाची घडी केली आणि ओट्यावरची भरलेली बादली ओतायला ती आत गेली. बाहेर गाऱ्हाणं सुरू झालं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच होतो.